टर्मिनलवरून भरलेली ईमेल विंडो उघडायची आहे: विषय येतो, मजकूर आणि पीडीएफ येत नाही

प्रश्न: लेखणी_आणि_शेल

एका स्क्रिप्टमधून दर आठवड्याला पीडीएफ अहवाल तयार होतो. तो ईमेलने जायला हवा, पण परस्पर नको. स्क्रिप्ट संपली की ईमेलची नवी विंडो उघडावी, तिच्यात पत्ता, विषय, चार-पाच ओळींचा मराठी मजकूर आणि पीडीएफ आधीच असावं. माणसाने ते वाचावं, लागलं तर एखादा शब्द बदलावा आणि मग स्वतः 'पाठवा' दाबावं.

सध्याची कमांड अशी आहे, मेलटू म्हणजे ईमेलची विंडो उघडणारी लिंक (इथे सगळं देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये कमांड, पर्याय आणि आकडे रोमन लिपीतच टंकायचे):

एक्सडीजी-ओपन मेलटू:प्रमुख@एक्झाम्पल.कॉम?सब्जेक्ट=साप्ताहिक%२०अहवाल&बॉडी=नमस्कार

पत्ता आणि विषय बरोबर येतात, मजकूर मात्र कोरा. एरर काहीच नाही. टर्मिनलवर फक्त [१] आणि पुढे एक मोठी संख्या दिसते. पायथनच्या यूआरएलएनकोडने लिंक बनवली तर मजकूर येतो, पण प्रत्येक दोन शब्दांमध्ये + चिन्ह असतं आणि सगळ्या ओळी एकमेकींना चिकटतात. शेवटी &अटॅच= लिहून फाइलचा मार्ग दिला, त्याचा काहीच परिणाम नाही.

लिनक्सवर थंडरबर्ड आहे. हेच काम दोन विंडोज मशीनवर आउटलुकमध्येही हवंय.

---

उत्तर १: अवतरण_चिन्ह

हे तीन वेगळे दोष आहेत आणि तिघांची कारणंही वेगळी आहेत.

मजकूर कोरा येतो तो शेलमुळे, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्राममुळे. लिंकभोवती अवतरणचिन्हं नाहीत, त्यामुळे & दिसताच शेल कमांड तिथेच तोडतो आणि अलीकडचा भाग पार्श्वभूमीत चालवतो. तुम्हाला दिसलेलं [१] म्हणजे त्या पार्श्वभूमीतल्या कामाचा क्रमांक, पुढची संख्या म्हणजे त्याचा प्रोसेस आयडी. उरलेलं 'बॉडी=नमस्कार' शेलच्या दृष्टीने अगदी वैध वाक्य आहे: बॉडी नावाच्या व्हेरिएबलमध्ये 'नमस्कार' ठेवा. म्हणून एरर येत नाही. हवं तर लगेच 'एको $बॉडी' चालवून बघा, हरवलेला मजकूर तिथे सापडेल. झेडशेल हा दुसरा शेल वापरत असाल तर गाडी त्याही आधी अडते, कारण ? हे चिन्ह तिथे फाइलची नावं जुळवायला धावतं आणि काही जुळलं नाही की कमांड चालतच नाही. पूर्ण लिंक एकेरी अवतरणात ठेवा. दुहेरीत ठेवली तर $ आणि उलटी टिकली यांचा अर्थ शेल लावतो, बॅश शेलच्या चालू सत्रात उद्गारचिन्हसुद्धा धोक्याचं.

आता + चिन्ह. वेबफॉर्मच्या एनकोडिंगमध्ये (लिंकमध्ये थेट न चालणारी चिन्हं वेगळ्या खुणांनी लिहिण्यात) स्पेसचा + होतो, मेलटूमध्ये होत नाही. मेलटूचे नियम आरएफसी ६०६८ या इंटरनेटच्या मानकात आहेत (ऑक्टोबर २०१०, त्याआधी १९९८ चा आरएफसी २३६८ होता). तिथे + म्हणजे अधिकचं चिन्हच, आणि स्पेस %२० असाच लिहायचा. पायथनमध्ये यूआरएलएनकोड वापरायचाच असेल तर त्याला क्वोट_व्हाया=क्वोट हा पर्याय द्या. मला त्यापेक्षा प्रत्येक मूल्य वेगळं क्वोट करणं बरं वाटतं, सेफ='' देऊन. सेफ रिकामं ठेवलं नाही तर तिरकी रेघ एनकोड होत नाही.

ओळी चिकटण्याचं मूळही त्याच आरएफसीत आहे. मजकुरातला ओळबदल %०डी%०ए असा, म्हणजे सीआर (ओळीच्या सुरुवातीला परत) आणि एलएफ (पुढची ओळ) ही दोन्ही चिन्हं मिळून, लिहायला हवा. लिनक्सच्या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी फक्त एलएफ असतो, म्हणून एनकोड केल्यावर नुसतं %०ए मिळतं. काही प्रोग्राम ते चालवून घेतात, काही ओळी एकत्र करतात. एनकोड करण्याआधीच एलएफच्या जागी सीआर-एलएफ घाला.

जेक्यू हे टर्मिनलचं साधन असेल तर संपूर्ण फाइल एका दमात एनकोड होते: जेक्यू -एसआरआर @यूआरआय (पहिला आर मोठा, दुसरा छोटा). फक्त त्याला इनपुट देताना 'एको' नको, 'प्रिंटएफ' घ्या. एको शेवटी एक ओळबदल चिकटवतो आणि तो %०ए होऊन विषयाच्या शेपटीला लटकतो.

अटॅचबद्दल खाली कोणीतरी लिहीलच. थोडक्यात, मेलटूच्या मानकात फाइल जोडण्याची सोयच नाही.

---

उत्तर २: मसुदावाला

फाइल जोडण्याची सोय नाही, आणि ती नसणंच योग्य आहे. वेबपानावरच्या एखाद्या लिंकने तुमच्या नकळत घरच्या फोल्डरमधली फाइल मेलला जोडली तर काय होईल, याचा विचार करा. ही नुसती कल्पना नाही. एक्सडीजी-ओपन ज्या संचात येतं त्या एक्सडीजी-यूटिल्समध्ये अगदी हीच त्रुटी सापडली होती, सीव्हीई-२०२०-२७७४८ या क्रमांकाने ती नोंदली गेली: मेलटू लिंकमधला अटॅच भाग थेट थंडरबर्डपर्यंत पोचत होता. तेव्हा फाइल लिंकमधून नाही, कमांडच्या स्वतंत्र पर्यायातून द्यायची.

लिनक्सवर त्यासाठी एक्सडीजी-ओपन सोडा आणि एक्सडीजी-ईमेल घ्या (थंडरबर्डमध्ये फाइल खरंच जोडली जाते का ते आधी करून बघा, नाहीतर खालची -कंपोज वापरा):

एक्सडीजी-ईमेल --यूटीएफ८ --सब्जेक्ट 'साप्ताहिक अहवाल' --बॉडी "$मजकूर" --अटॅच "$फाइल" प्रमुख@एक्झाम्पल.कॉम

इथे एनकोडिंग तुम्ही करायचं नाही, ते तोच करतो. आधी एनकोड करून दिलंत तर विषयात %२० जसंच्या तसं दिसेल. --यूटीएफ८ सगळ्यांत आधी लिहा, कारण तो त्याच्या पुढच्या पर्यायांना लागू होतो. लोकेल (सिस्टिमची भाषा-सेटिंग) यूटीएफ-८ असेल तर त्याची गरज नसते, पण स्क्रिप्ट कुठल्या वातावरणात चालेल याची खात्री नसते, म्हणून असू द्यावा. --सीसी आणि --बीसीसीही आहेत.

परतीचा कोड जरूर तपासा. १ म्हणजे कमांड चुकीची लिहिली, २ म्हणजे दिलेली फाइल अस्तित्वात नाही, ३ म्हणजे लागणारा प्रोग्राम सापडला नाही, ४ म्हणजे कृती फसली. मात्र ० आला म्हणजे मेल गेली असं नव्हे. विंडो उघडायची विनंती पुढे पोचली, एवढाच त्याचा अर्थ.

भलताच प्रोग्राम उघडत असेल तर मेलटूचा धनी कोण आहे ते विचारा: एक्सडीजी-माइम क्वेरी डीफॉल्ट एक्स-स्कीम-हँडलर/मेलटू. उत्तरात ब्राउझरचं नाव आलं तर विषय-मजकूर वेबमेलमध्ये जाईल, पण फाइल जोडली जाणार नाही. ब्राउझरला मिळालेल्या पत्त्यातून फाइल जोडता येतच नाही.

सगळीकडे थंडरबर्डच असेल तर मी मधला दलाल टाळून थेट त्यालाच बोलावतो:

थंडरबर्ड -कंपोज "टू='प्रमुख@एक्झाम्पल.कॉम,प्रत@एक्झाम्पल.कॉम',सब्जेक्ट='साप्ताहिक अहवाल',मेसेज='/होम/काम/मजकूर.टीएक्सटी',अटॅचमेंट='/होम/काम/अहवाल.पीडीएफ',फॉरमॅट=२"

-कंपोजनंतरचं सगळं मिळून एकच आर्ग्युमेंट असतं. बाहेर दुहेरी अवतरण, आत प्रत्येक मूल्याला एकेरी. आतलं एकेरी अवतरण वगळलंत तर मूल्यातला पहिलाच स्वल्पविराम पुढच्या फील्डची सुरुवात समजला जातो आणि दुसरा पत्ता हरवतो. अनेक फाइली असतील तर त्याही एकाच अवतरणात स्वल्पविरामाने. म्हणून फाइलच्या नावात स्वल्पविराम नको. मार्ग पूर्णच द्या, रिअलपाथने काढून.

बॉडी= असं फील्डही आहे, पण वर मुद्दाम मेसेज= वापरलं आहे. ते मजकूर फाइलमधून घेतं, त्यामुळे मजकुरात एकेरी अवतरण आलं तरी कमांड फुटत नाही. बॉडी=मध्ये असं एक चिन्ह आलं की पुढचा सगळा भाग विस्कटतो. शिवाय एचटीएमएल लेखन चालू असेल तर बॉडी=मधले ओळबदल टिकत नाहीत, तिथे बीआर टॅग लागतो. फॉरमॅट=२ म्हणजे साधा मजकूर, १ म्हणजे एचटीएमएल.

---

उत्तर ३: टक्का_टक्का

विंडोजवर आधी बॅच फाइलचा सापळा, कारण तो हमखास लागतो. हाताने टंकलेली

स्टार्ट "" "मेलटू:प्रमुख@एक्झाम्पल.कॉम?सब्जेक्ट=साप्ताहिक%२०अहवाल"

ही कमांड नीट चालते. तीच ओळ बॅच फाइलमध्ये ठेवली की विषय 'साप्ताहिक०अहवाल' असा येतो. बॅच फाइलमध्ये %२ म्हणजे स्क्रिप्टला दिलेलं दुसरं आर्ग्युमेंट. ते रिकामं, म्हणून %२ नाहीसं होतं आणि मागे उरतं शून्य. देवनागरी एनकोड केलेली असेल तर आणखी वाईट. 'न' हे अक्षर %ई०%ए४%ए८ असं लिहिलं जातं आणि त्यातला %ई०% हा तुकडा 'ई०' नावाचं व्हेरिएबल समजून गाळला जातो. बॅच फाइलमध्ये प्रत्येक % दोनदा लिहा. सुरुवातीचं रिकामं "" काढू नका. स्टार्ट पहिल्या अवतरणातल्या मजकुराला विंडोचं शीर्षक समजतो.

पॉवरशेलमध्ये ही कटकट नाही. [यूआरआय]::एस्केपडेटास्ट्रिंग ने विषय आणि मजकूर वेगवेगळे एनकोड करा, लिंक जोडा आणि स्टार्ट-प्रोसेसला द्या.

फाइलसकट हवं असेल तर आउटलुकचे स्वतःचे स्विच आहेत: आउटलुक.ईएक्सई /सी आयपीएम.नोट /एम पत्ता /ए "पूर्ण मार्ग". /ए ने एकच फाइल जोडली जाते. दोन फाइली, सीसी आणि नीट मजकूर हवा असेल तर कॉम ऑब्जेक्टकडे (स्क्रिप्टमधून आउटलुक चालवण्याची सोय) वळा: न्यू-ऑब्जेक्ट -कॉमऑब्जेक्ट आउटलुक.ॲप्लिकेशन, मग क्रिएटआयटम(०), त्यावर टू, सब्जेक्ट, बॉडी भरायचं, अटॅचमेंट्स.ॲड ला पूर्ण मार्ग द्यायचा आणि शेवटी डिस्प्ले(). सेंड() लिहिलंत तर न विचारता मेल जाईल, तेव्हा डिस्प्लेच.

स्वाक्षरी टिकवायची असेल तर क्रम उलटा ठेवा. आधी डिस्प्ले करा, त्याने स्वाक्षरी येते. मग एचटीएमएलबॉडीमध्ये आपला मजकूर तिच्या आधी जोडा. नुसत्या बॉडीला मूल्य दिलं तर स्वाक्षरीचं फॉरमॅटिंग जातं.

दोन गोष्टी आधीच तपासून घ्या. हे कॉम फक्त जुन्या, क्लासिक आउटलुकमध्ये चालतं. विंडोजसाठीच्या नव्या आउटलुकमध्ये ते नाही. आणि विंडोज पॉवरशेल ५.१ असेल तर मराठी मजकूर असलेली पीएस१ फाइल बीओएमसह (फाइलच्या सुरुवातीची एनकोडिंगची खूण) यूटीएफ-८ मध्ये साठवा. बीओएम नसेल तर ती जुन्या कोडपेजमध्ये वाचली जाते आणि मराठीच्या जागी लॅटिन अक्षरांचा खिचडा दिसतो. पॉवरशेल ७ बीओएमशिवायही बरोबर वाचतो.

---

लेखणी_आणि_शेल

अवतरणांनी पहिला प्रश्न मिटला, मेसेज= ने ओळीही नीट आल्या. आता उरलेलं दोन. थंडरबर्ड 'फाइल नाही' म्हणतो, पण एलएसला ती /टीएमपी/अहवाल.पीडीएफ इथे दिसते. आणि विंडोजवर मेलटूने दिलेला मजकूर मध्येच तुटतो, जेमतेम तीन-चार वाक्यं येतात.

---

उत्तर ४: अवतरण_चिन्ह

पहिल्याचं कारण बहुधा स्नॅप, म्हणजे बाकी सिस्टिमपासून वेगळं ठेवलेलं ॲप-पॅकेज. उबंटू २४.०४ पासून तिथलं थंडरबर्ड स्नॅप म्हणून येतं आणि स्नॅपला स्वतःचं वेगळं /टीएमपी असतं. तुमच्या /टीएमपी मधली फाइल त्याला दिसतच नाही. टिंबाने सुरू होणारी लपलेली फोल्डरंही त्याला बंद असतात. पीडीएफ होममधल्या साध्या, न लपलेल्या फोल्डरमध्ये तयार करा. आणि विंडो उघडताच स्क्रिप्टने ती फाइल पुसू नये. 'पाठवा' दाबेपर्यंत ती जागेवर राहायला हवी.

दुसऱ्याचं कारण मराठीच्या एनकोडिंगमध्ये आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक वर्ण ३ बाइटचा, आणि एनकोड केल्यावर प्रत्येक बाइट ३ चिन्हांचा, म्हणजे एका वर्णाला ९ चिन्हं. 'नमस्कार' घ्या: न, म, स, हलन्त, क, काना, र असे ७ वर्ण, लिंकमध्ये त्यांची ६३ चिन्हं होतात. विंडोजवर मेलटू लिंक सुमारे २,००० चिन्हांच्या पुढे गेली की भरवसा राहत नाही. २,००० भागिले ९ म्हणजे साधारण सव्वादोनशे वर्ण, आणि त्यात पत्ता-विषयही आले. रोमन मजकुराला हीच मर्यादा बरीच सैल वाटते, म्हणून रोमन मजकुरावर चाचणी करून निश्चिंत होऊ नका.

लिनक्सवर ही अडचण जाणवत नाही. तिथे एका आर्ग्युमेंटची मर्यादा १२८ केबी असते, मेलच्या मजकुरासाठी भरपूर.

लांब मजकुरासाठी विंडोजवर एक तर वर सांगितलेलं कॉम, नाहीतर ईएमएल फाइल. ईएमएल म्हणजे हेडर आणि मजकूर असलेली आख्खी मेलच. तिच्यात 'एक्स-अनसेंट: १' हे हेडर घातलं की क्लासिक आउटलुक ती आलेली मेल म्हणून न दाखवता लिहिण्याच्या विंडोत उघडतो, अटॅचमेंटसकट. थंडरबर्डमध्ये ती उघडून 'नवा संदेश म्हणून संपादन', म्हणजे कंट्रोल+ई.

ती फाइल हाताने जुळवू नका. पायथनचा ईमेलमेसेज घ्या: सब्जेक्ट आणि टू भरा, सेट_कंटेंटमध्ये मजकूर, ॲड_अटॅचमेंटमध्ये पीडीएफचे बाइट, मेनटाइप 'ॲप्लिकेशन', सबटाइप 'पीडीएफ' आणि फाइलनाव. मराठी विषयाचं एनकोडिंग तो स्वतः करतो. फ्रॉम, डेट आणि मेसेज-आयडी टाकायची गरज नाही. फाइल बायनरी मोडमध्ये लिहा.

---

उत्तर ५: सहज_मट

टर्मिनल सोडायचंच नसेल तर मट हा टर्मिनलमधलाच मेल प्रोग्राम:

मट -एस 'साप्ताहिक अहवाल' -आय मजकूर.टीएक्सटी -ए अहवाल.पीडीएफ -- प्रमुख@एक्झाम्पल.कॉम

पत्त्याआधीचं -- विसरू नका, नाहीतर पत्तासुद्धा जोडायची फाइल समजला जातो. -आय ने मजकूर एडिटरमध्ये उघडतो, तुम्ही वाचता, मग पाठवायचं की नाही ते ठरवता. त्याच मजकुराची फाइल < चिन्हाने आत ढकललीत तर मट काहीही न विचारता मेल पाठवून मोकळा होतो. तुमच्या कामात हा फरक सगळ्यांत महत्त्वाचा, आणि इंटरनेटवरची बरीच उदाहरणं नेमकी < वाली असतात. हेडरसकट तयार मसुदा असेल तर मोठ्या -एच ने तो उघडतो.

मॅकवर कोणी वाचत असेल तर: 'ओपन' ला अवतरणात मेलटू लिंक द्या, किंवा ओपन -ए मेल अहवाल.पीडीएफ करा, फाइल जोडलेली नवी मेल उघडते. दोन्ही एकत्र हवं असेल तर ओएसएस्क्रिप्टमधून मेल ॲपला 'व्हिजिबल:ट्रू' असलेला नवा आउटगोइंग मेसेज बनवायला सांगा.

---

उत्तर ६: मसुदावाला

एक पुढची अडचण आत्ताच सांगतो. ही स्क्रिप्ट उद्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालायला) टाकलीत किंवा एसएसएचवरून (दुसऱ्या मशीनवरून) चालवलीत तर यातली एकही विंडो उघडणार नाही, कारण विंडो कुठल्या पडद्यावर उघडायची ते सांगणारं डिस्प्ले व्हेरिएबलच तिथे नसतं. तसं होणार असेल तर विंडोचा नाद सोडून मसुदा थेट सर्व्हरच्या ड्राफ्ट्स फोल्डरमध्ये ठेवा. उत्तर ४ मधला ईमेलमेसेजच घ्यायचा, फक्त फ्रॉम आणि डेट भरायचं, आणि पायथनच्या आयमॅपलिब या लायब्ररीने सर्व्हरवर चढवायचा: अपेंड(फोल्डर, '\ड्राफ्ट', वेळ, बाइट). बाइट बनवताना पॉलिसी=एसएमटीपी द्या म्हणजे ओळींचे शेवट सीआर-एलएफ होतात. मग लिनक्स असो, विंडोज असो की फोन, मसुदा तिथे पीडीएफसकट तयार दिसतो. माणूस उघडतो, वाचतो, पाठवतो. प्रत्येक मशीनसाठी वेगळी कमांड सांभाळण्यापेक्षा मला हा मार्ग जास्त टिकाऊ वाटतो.

फोल्डरचं नाव मात्र गृहीत धरू नका. जीमेलमध्ये ते '[जीमेल]/ड्राफ्ट्स' असतं आणि खात्याची भाषा बदलली की नावही बदलतं. लिस्ट कमांडच्या उत्तरात ज्या फोल्डरवर '\ड्राफ्ट्स' ही खूण असेल ते घ्या (आरएफसी ६१५४). चढवलेल्या संदेशाला '\ड्राफ्ट' ध्वज द्यायला विसरलात तर तो फोल्डरमध्ये दिसतो, पण काही प्रोग्राम त्याला मसुदा मानत नाहीत आणि संपादनासाठी उघडत नाहीत. दोन शब्द सारखे दिसतात म्हणून गल्लत होते: फोल्डरची खूण अनेकवचनी, संदेशाचा ध्वज एकवचनी.

पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहू नका, कमांडच्या आर्ग्युमेंटमध्ये तर नाहीच; पीएस कमांडमध्ये तो सगळ्यांना दिसतो. फक्त तुम्हालाच वाचता येईल अशा, ६०० परवानगीच्या फाइलमधून वाचा.